सतरावा पाट

“पाट सोळाच आहेत हो, यमुनाताई,” पोपटशेठ मानेवरचा घाम पुसत म्हणाले. “लग्नकार्याचे पाट जोडीनंच येतात. सतरावा कुठून आणू?”

मी अक्षता मंगल कार्यालयाच्या दारात उभी होते. आत भिंतीला लागून सोळा पाटांची एकच लांब ओळ. प्रत्येक पाटापुढे केळीचं पान, पानावर मीठ-लिंबू, शेजारी स्टीलचा पेला. मी आले होते नगरपालिकेच्या सर्वसाधारण सभेला आणि समोर मांडली होती पंगत.

“शेठ, आज सभा आहे इथं. खुर्च्या कुठं आहेत?”

“खुर्च्या गेल्यात पलीकडच्या गावच्या लग्नाला. वाढपी गेले, आचारीही गेले. टेम्पो अकराला परत यायचा होता, ड्रायव्हर म्हणतो आता जेवूनच येतो. मी तरी काय करू?”

“मग स्वयंपाक कोण करतंय?”

पोपटशेठनी मुदपाकखान्याकडे बोट दाखवलं. मोठ्या पातेल्यामागून एक डोकं वर आलं. माझी आई! कपाळाला पदर बांधलेला, हातात झारा.

“बगतीस काय?” आई म्हणाली. “शेठ गयावया कराया लागलं. म्हनलं, सतरा मानसांचा भात म्या उभ्या उभ्या रांधते.”

आई, म्हणजे ठकूबाई, कासारवेढ्याच्या बुधवारच्या बाजारात भाजी विकायची. तीस वर्षं एकच जागा, एकच गोणपाट. मी त्याच कासारवेढ्याची नगरसेविका, अपक्ष, वॉर्ड नंबर नऊ, पोटनिवडणुकीत निवडून आलेली. ही गोष्ट बावीस वर्षांपूर्वीची, पण त्या दिवशीचा मसालेभाताचा वास मला अजून येतो.

आधी आमच्या जुन्या सभागृहाबद्दल सांगायला हवं. लांबट खोली, डाव्या हाताला सत्ताधाऱ्यांच्या नऊ खुर्च्या, उजव्या हाताला विरोधकांच्या सात, मधे सहा फूट मोकळी जागा. दोन्ही ओळी एकमेकींकडे तोंड करून. सकाळी अकरा वाजल्यापासून माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसायची आणि एवढा वेळ कुणाच्याही तोंडाकडे बघितलं की कुणालाही राग येतोच. नगराध्यक्ष शेटेसाहेब नुसते खोकले तरी विरोधी नेते डोईफोडे वकील उभे राहायचे. “या खोकल्याचा मी निषेध करतो,” असं त्यांनी एकदा खरोखर म्हटलं होतं आणि ते इतिवृत्तात आहे.

नऊ आणि सात सोळा. सतरावी मी. माझी बाजूच नव्हती, म्हणून माझी खुर्ची ठेवली होती खांबामागे, पाण्याच्या माठाशेजारी. मी हात वर केला की शेटेसाहेबांना खांब दिसायचा. सभा रंगात आली की कुणी तरी मान वळवून म्हणायचं, “ताई, जरा पाणी.” मी द्यायची. चार वर्षं नगरपालिकेत माझं मुख्य काम तेच होतं.

माझा विषय एकच होता: बुधवारच्या बाजारात बायकांसाठी मुतारी आणि संडास. कार्यक्रमपत्रिकेवर तो चार वर्षं तेविसावा होता. आणि आमची सभा चार वर्षांत पाचव्या विषयापुढे गेलीच नव्हती. पाचव्याला डोईफोडे वकील “सभात्याग!” म्हणून गरजायचे, सातही जण दाणदाण पाय आपटत दारातून बाहेर पडायचे, तेवढ्यात चहा यायचा आणि शेटेसाहेब म्हणायचे, “उरलेले विषय पुढच्या सभेत.” बाहेर गेलेले चहाला परत आत यायचे.

मी वकिलांना एकदा घरी जाऊन भेटले होते. माणूस भला होता. “ताई, विषय चांगला आहे तुमचा,” ते म्हणाले. “पण सत्ताधाऱ्यांनी मांडला तर मला विरोध करावा लागणार. समोर बसलोय ना त्यांच्या. समोरासमोर बसून माणूस दुसरं काय करणार?” शेटेसाहेबांचंही तेच. “डोईफोड्यांना विचारलंत होय? मग जाऊ दे.”

आई बुधवारी पहाटे पाचला घोटभर चहा घ्यायची आणि संध्याकाळी सहापर्यंत पाण्याचा थेंब घ्यायची नाही. मे महिन्यातसुद्धा. बाजारातल्या सगळ्याच बायका तशाच. पुरुष भिंत बघून मोकळे व्हायचे, बायकांनी कुठं जायचं? दोनदा आईला मूत्रपिंडाच्या दुखण्यानं दवाखान्यात न्यावं लागलं. डॉक्टर म्हणाले, पाणी भरपूर प्या. आई म्हणाली, “आन् मग जाऊ कुटं, तुमच्या दवाखान्यात?” ते ऐकून मला हसूही आलं होतं आणि डोळ्यांत पाणीही.

तर सभागृहाच्या छताचं प्लास्टर पडलं, नशिबानं रविवारी, आणि मुदतीतली शेवटची सभा मंगल कार्यालयात ठरली. सभेनंतर शेटेसाहेबांच्या खर्चानं निरोपाचं जेवण. दुसऱ्या दिवसापासून आचारसंहिता लागणार होती. माझ्या वॉर्डातलं महिलांचं आरक्षण उठलं होतं आणि तिथून उभं राहणाऱ्याचे फलकही लागले होते. म्हणजे आज झालं तर झालं.

साडेबाराला सगळे जमले. समोरच्या अर्ध्या हॉलमध्ये संध्याकाळच्या लग्नाचं स्टेज बांधणं चालू होतं, तीन वाजता जागा रिकामी करायची होती. शेटेसाहेब पाटांकडे बघून म्हणाले, “हे काय?”

“साहेब, गरम गरम आहे. आधी जेवून घ्या, सभा पानावरच उरका,” पोपटशेठ हात जोडून म्हणाले.

मुख्याधिकारी जिल्ह्याच्या बैठकीला गेले होते. सगळ्यांनी सभा लिपिक सोनटक्क्यांकडे पाहिलं. सोनटक्के नियमांचं पुस्तक कोळून प्यायलेला माणूस. त्यांनी चष्मा वर केला. “जेवताना सभा घेऊ नये असं कुठं लिहिलेलं नाही. गणसंख्या हवी. माणूस बसलेला हवा की जेवणारा, याबद्दल नियम गप्प आहेत.”

“आम्ही सत्ताधाऱ्यांच्या पंगतीला बसणार नाही,” डोईफोडे वकील सवयीनं बोलून गेले.

सगळ्यांच्या माना वकिलांकडे वळल्या. आमच्याकडे माणूस मतदान करत नाही म्हटलं तर चालतं, पंगतीला बसत नाही म्हटलं की सोयरीक तुटते. वकिलांच्याही लक्षात आलं. “म्हणजे समोर बसू, असं म्हणतोय मी.”

“समोर स्टेज आहे, साहेब,” पोपटशेठ म्हणाले. “ओळ एकच.”

मग जो हात धुऊन येईल तो रिकाम्या पाटावर बसत गेला. सत्ताधारी, विरोधी, सत्ताधारी, विरोधी, मधे मधे सहा बायका. शेटेसाहेबांचं पोट मोठं, ते टोकाला बसले. शेजारी नेमके डोईफोडे आले, कारण त्यांना सगळ्यात शेवटी हात धुवायला मिळाले. दोघांनी एकमेकांच्या मांडीला मांडी लागू नये म्हणून अंग चोरलं. मी तशीच उभी.

“यमुनाताई,” शेटेसाहेब म्हणाले, “वाढपी नाहीत म्हणे. तुम्ही वाढाल का?”

खरं सांगते, कानशिलं तापली माझी. चार वर्षं माठ, आणि शेवटच्या दिवशी भातवाढी! मी मुदपाकखान्यात गेले आणि परात आपटली.

“आई, मला पाटसुद्धा नाही.”

आईनं मसालेभाताची परात माझ्या हातात दिली. “बरंच हाय की. बसल्याला काय दिसतंय? जा, वाढ. आन् मठ्ठ्याचा जग रिकामा ठिवू नगंस.”

मी बाहेर आले, ओळीसमोर उभी राहिले आणि थबकले. सोळाच्या सोळा तोंडं माझ्याकडे बघत होती! पंगतीतला माणूस बघणार तरी कुठं? शेजारच्याकडे बघायचं तर मान वळवावी लागते, समोर फक्त वाढणारा. ना खांब, ना माठ. माझा हात जरा हलला तरी सोळा माना हलत होत्या. मला आतून असं काही हसू फुटलं की परात पडते की काय असं झालं.

सभा सुरू झाली. सोनटक्के स्टेजच्या पायरीवर बसून विषय वाचत होते. पहिला विषय मंजूर. दुसऱ्याला डोईफोड्यांनी हरकत घ्यायला तोंड उघडलं, तोंडात बटाटा. तो गिळेपर्यंत तिसराही मंजूर झाला. चौथ्याला ते शेटेसाहेबांवर ओरडायला वळले, तर साहेबांचा कान त्यांच्या तोंडापासून वीतभरावर! एवढ्या जवळून ओरडायचं कसं? वकील कुजबुजल्यासारखे म्हणाले, “हा भ्रष्टाचार आहे.” शेटेसाहेबही हळूच म्हणाले, “असेल. जरा लिंबू सरकवा इकडं.” वकिलांनी सरकवलं.

पाचवा विषय आला आणि सगळ्यांना सवयीनं चहाची आठवण झाली. डोईफोडे वकील जिलेबी हातात घेऊन अर्धवट उठले. “सभात्याग!”

सोनटक्क्यांची लेखणी थांबली. स्टेज बांधणारा माणूसही शिडीवरून बघायला लागला.

कासारवेढ्यात पंगतीतून मधेच उठत नाहीत. भरल्या पानावरून उठणं म्हणजे यजमानाच्या तोंडावर दार आपटणं. एका जाधवांच्या आजोबांनी कधी काळी ते केलं होतं, तर त्या घराला गाव अजून उठके जाधव म्हणतं आणि त्यांच्या पोरींची लग्नं लांबच्या गावांत जमवावी लागतात. डोईफोड्यांना तीन मुली होत्या.

वकील हातातल्या जिलेबीकडे बघत राहिले. “सभात्याग,” ते खाली बसत म्हणाले, “जेवण झाल्यावर.”

“नोंद घेतली,” सोनटक्के म्हणाले.

मग विषयांची गाडी अशी सुटली की सोनटक्क्यांना वाचता वाचता धाप लागली. सात, आठ, नऊ! गटारं मंजूर, दिवे मंजूर, स्मशानाची भिंत मंजूर. मत द्यायला उजवे हात भातानं माखलेले. “डावा हात चालेल का?” कुणी तरी विचारलं. “नियमात हात एवढंच आहे,” सोनटक्के म्हणाले, आणि सोळा डावे हात वर गेले. पाण्याच्या टाकीवर तर शेटे आणि डोईफोडे यांचं एकमत झालं. झालं आणि दोघेही दचकले.

मी वाढत होते. ऊन मी म्हणत होतं, डोक्यावर पत्रा, आणि मठ्ठा असा काही झाला होता की काय सांगू. आलं, मिरची, कोथिंबीर, वर बर्फाचा खडा. “ताई, मठ्ठा!” या टोकाकडून हाक. “ताई, इकडे पण!” त्या टोकाकडून. डोईफोडे वकिलांचा मी सातवा पेला भरला. शेटेसाहेबांना साखरेचा विकार, तरी शेवटचा दिवस म्हणून चार जिलेब्या आणि नऊ पेले.

फक्त एक गोष्ट मला खटकली. जग घेऊन गेले की त्या सहा बायका पेल्यावर तळहात ठेवायच्या. सत्ताधारी असोत की विरोधी, सगळ्यांचा हात तस्साच. “नको, नको. पुरे.” एकीनं तर पेला पालथाच घातला होता. घसे कोरडे पडले होते, मला दिसत होतं. त्यांना हे कुणी शिकवलं नव्हतं. घराबाहेर पडलेली बाई सकाळपासून हिशोबानंच पिते.

विसाव्या विषयाला ओळीत चुळबूळ सुरू झाली. कुणी मांडी बदलली, कुणी एक गुडघा वर घेतला. एकविसाव्याला डोईफोडे वकील छताकडे बघत काही तरी पुटपुटायला लागले. बाविसाव्याला शेटेसाहेबांच्या कपाळावर घामाचे थेंब आले आणि ते पुढे-मागे डुलायला लागले. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अरे देवा! मी जग घट्ट धरला, नाही तर मोठ्यानं हसलेच असते.

“विषय क्रमांक तेवीस,” सोनटक्के म्हणाले आणि स्वतःच आश्चर्यानं वर बघायला लागले. चार वर्षांत हा आकडा त्यांनी कधी उच्चारला नव्हता.

“उरलेले विषय पुढच्या...” शेटेसाहेब घाईनं म्हणाले.

“साहेब, पुढची सभाच नाही. आणि उरलेला एकच आहे.”

“बरं, बरं. मांडा. लवकर मांडा.”

मी जग खाली ठेवला. पदर खोचला. आणि सावकाश, अगदी सावकाश, एकेक शब्द चावून वाचायला लागले. “कासारवेढे नगरपालिका हद्दीत... दर बुधवारी भरणाऱ्या... आठवडी बाजारात...”

“यमुनाताई,” शेटेसाहेब दबक्या आवाजात म्हणाले, “पंगत उठवायची का आधी?”

“कशी उठवणार, साहेब? वकीलसाहेबांच्या पानात भात आहे अजून.”

शेटेसाहेबांनी शेजारच्या पानाकडे असं पाहिलं की मला वाटलं, आता स्वतःच खातात तो भात. “डोईफोडे, संपवा हो!” ते कळवळून म्हणाले.

“खाली जात नाहीये,” वकील म्हणाले. त्यांचे डोळे पाणावले होते.

तिथवर माझं हसू पोटात मावत नव्हतं. पण त्या तोंडांकडे बघता बघता ते कुठं गेलं कळलं नाही. ओठ घट्ट मिटलेले, नजर एका जागी खिळलेली, हलायचं नाही, बोलायचं नाही. हे तोंड मी ओळखत होते. लहानपणापासून दर बुधवारी बघत आले होते.

“साहेब,” मी कागद मिटला. “आत्ता तुम्हाला जे होतंय ना, ते किती वेळ झालं? अर्धा तास? माझी आई दर बुधवारी सकाळी सहापासून संध्याकाळी सहापर्यंत अशी बसते. तीस वर्षं. तिनं तर मठ्ठाही प्यायलेला नसतो. तिलाही उठता येत नाही. उठून जायचं कुठं?”

मग ओळीत एक डावा हात वर गेला, पेला पालथा घातलेल्या बाईचा. दुसरा, तिसरा, सहाच्या सहा. तीन या पक्षाच्या, तीन त्या पक्षाच्या. कुणी कुणाकडे बघितलंसुद्धा नाही.

“मी हा ठराव मांडतो!” शेटेसाहेब ओरडले.

“अनुमोदन!” डोईफोडे वकील त्यांच्याहून मोठ्यानं ओरडले. “अनुमोदन, अनुमोदन! आणि एक नाही, दोन बांधा! निधीला माझी हरकत नाही! सोनटक्के, लिहा हो पटकन!”

सोळा डावे हात वर होते. सतरावा माझा, तेवढाच उजवा.

सोनटक्क्यांनी लिहिलं, “एकमताने व घाईने मंजूर.” मग विचार करून “व घाईने” खोडलं. वकिलांनी उरलेला भात दोन घासांत संपवला, शेटेसाहेबांनी “पंगत उठली!” अशी आरोळी ठोकली आणि पुढचं दृश्य मी मरेपर्यंत विसरणार नाही. आमचे धोतरवाले, सफारीवाले, जाकीटवाले दहा पुढारी हात न धुता मागच्या अंगणात पळत सुटले. तिथं पुरुषांसाठी मोरी एकच. बाहेर रांग लागली, सत्ताधारी, विरोधी, सत्ताधारी, विरोधी. डोईफोडे वकील पहिले पोहोचले होते. त्यांनी मागं पाहिलं, शेटेसाहेबांचा चेहरा पाहिला आणि बाजूला झाले. “आधी अध्यक्ष,” ते म्हणाले. सार्वजनिक जीवनात याहून मोठा त्याग मी पाहिलेला नाही.

मी हसत, रडत, धडपडत मुदपाकखान्यात गेले. आई पातेलं घासत होती.

“झालं, आई! मंजूर झालं! आणि योगायोग तरी कसा बघ...”

“कसला योगायोग?” आईनं मान वर केली नाही. “भातात मीठ जरा सढळ हातानं टाकलंतं. बटाट्यात बी. तुला चार वर्सं बोलून जमलं न्हाई, म्हनलं मीठ बोलतंय का बगू.”

मी तिथंच खाली बसले. सतरावा पाट नव्हता म्हणून चुलीपुढच्या फरशीवर बसले, आणि आईनं माझ्यापुढे पान मांडलं. भात खरंच खारट होता. मी तीनदा मागून घेतला.

सभागृहाचं प्लास्टर पुढे नीट झालं. खुर्च्या पुन्हा समोरासमोर लागल्या, नवे लोक बसले आणि पहिल्याच सभेत पाचव्या विषयाला सभात्याग झाला. खांबामागं कोण बसतं ते मी विचारलं नाही.

कार्तिकातल्या एका बुधवारी बाजारातलं दार उघडलं. हार नाही, फीत नाही, नगरपालिकेच्या माणसानं कुलूप काढलं आणि तो निघून गेला. मी आईजवळ गोणपाटावर बसले होते. दहा वाजले असतील. आईनं शेजारच्या मेथीवालीकडून तांब्या मागितला आणि भर बाजारात, सगळ्यांसमोर, घटाघटा प्यायला लागली. पाणी हनुवटीवरून ओघळलं, चोळी भिजली, तरी तांब्या खाली येईना. आजूबाजूच्या बाया आपापलं माप हातात धरून बघत राहिल्या.

तिनं तांब्या रिकामा करून पालथा घातला. दोन गिऱ्हाइकं केली. वांगी नीट रचली. मग गुडघ्यावर हात टेकून उठली, पदर झटकला आणि तीस वर्षांत त्या जागेवर जे कधी बोलली नव्हती ते अगदी सहज बोलली.

“भाजीकडं बग जरा. मी आलेच.”